चंदनच्या मानेवरची लाली

आंजी (मोठी)
१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

प्रति, समीक्षा मॅडम, विशेष बालवर्ग, वर्धा.

नमस्कार. हे पत्र चंदनच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवलं आहे, डब्याचं तेल लागू नये म्हणून. फोन का नाही केला, असं आपण म्हणाल. फोनवर बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘मी असं म्हटलंच नाही’ म्हणून मोकळा होतो. कागद मोकळा होत नाही.

विषय: माझा नातू चंदन मुकेश शिरपूरकर, वय चार वर्षे सात महिने, याच्या मानेमागची लाली. केस संपतात तिथून दोन बोटं खाली, साडेचार सेंटिमीटर रुंद, तीन सेंटिमीटर उंच. स्टीलच्या पट्टीने मोजली आहे. कातडी जाड झाली आहे आणि हात लावला की पोरगा किंचाळतो. तो बोलत नाही हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यामुळे ‘कुठं दुखतं रे’ हा प्रश्न आमच्या घरात कामाचा नाही.

मी डॉक्टर नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पण आजूबाजूच्या नऊ गावांत विहिरीवरची मोटार जळाली की माणूस माझ्या दुकानात येतो. वायंडिंग मला कोणी शिकवलं नाही, जळक्या मोटारी उघडून मी शिकलो. आणि माझा पहिला प्रश्न एकच असतो: कधी चालू होती, कधी बंद होती? कारण तिथंच सापडतं.

तीच रीत इथं लावली. तीन आठवडे वही ठेवली. साबण, तेल, बेसन, वांगं, डासाची अगरबत्ती, सगळं एकेक बंद करून पाहिलं. सून काजल वैतागली. “बाबा, वांगं केलं तं वांगं, साबण बदलला तं साबण. तुमच्या वहीत माह्या नावाचंच पान हाय का?” म्हणाली. असो. निष्कर्ष असा: सोमवारी लाली फिकी. गुरुवारी, शुक्रवारी लालभडक. शनिवार-रविवार वर्ग बंद, लाली उतरते. पुन्हा सोमवार.

घरातलं कारण रविवारी सुटी घेत नाही, मॅडम.

मुलांचे कपडे ओळखू यावेत म्हणून आलेल्या आपल्या १९ ऑगस्टच्या सूचनेप्रमाणे गणवेशाच्या दोन्ही शर्टांची खूण मी त्याच आठवड्यात करून दिली. टोचते म्हणून कंपनीची चिठ्ठी कापून काढली आणि कॉलरच्या आत आमच्या वडिलांच्या पद्धतीची पक्की खूण घातली. कपडा फाटेल, खूण जाणार नाही. माझ्याकडून कसूर नाही. आपल्याकडे काय होतं ते लेखी कळवावं.

आपला,
पुंडलिक शिरपूरकर


वर्धा
१३ सप्टेंबर

आदरणीय पुंडलिककाका,

नमस्कार. वर्गात मुलं जेवत आहेत, तेवढ्यात लिहिते.

लाली आम्हीही पाहिली. आधी एक सांगते, कारण पालक हे नेहमी विचारतात: ऑटिझममुळे कातडी लाल होत नाही. पण अशा मुलांना लाली यायला वाटा जास्त असतात. कोणी एकाच जागी सारखं घासतं, कोणी चावतं. कोणाच्या लाळेने हनुवटी सोलते. कोणाला घाम, शिवण, साबण सोसत नाही. आणि दुसरं मूल ‘आई, आग होते’ म्हणून पहिल्याच दिवशी सांगतं, आपलं मूल सांगत नाही. म्हणून साधी गोष्टही वाढते.

चंदन प्रार्थनेच्या वेळी भिंतीला मान घासतो, स्वतःच मानेवर चापट्या मारतो. माझ्या मते ही त्याची सवय आहे, आणि लाली तिच्यामुळे असावी. पण माझ्या मताला औषध समजू नका. त्याला सेवाग्रामला कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. वहीसुद्धा न्या, वही चांगली आहे.

पाणी हवं असलं की तो आता ‘पाणी’चं चित्र उचलून आमच्या मदतनीस आनंदाबाईंच्या हातात देतो. काल दोनदा दिलं. तुमच्याच गावच्या आहेत त्या, सकाळी व्हॅनमधून येतात त्याच.

समीक्षा ताकसांडे


आंजी
२७ सप्टेंबर

समीक्षा मॅडम,

घासण्याने लाली येते की लाली आहे म्हणून पोरगा घासतो, हे आपण तपासलं का? मोटार गरम झाली म्हणून वास येतो; वास आला म्हणून मोटार गरम होत नाही.

कारण मला सापडलं आहे. सोमवारी मुद्दाम दुकान उशिरा उघडलं आणि व्हॅनच्या थांब्यावर उभा राहिलो. आनंदाबाईंनी चंदनला आत चढवताना डावा हात त्याच्या मानेमागे घातला आणि दाबला. लाली आहे नेमकी तिथं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आज मी चार लोकांसमोर विचारलं, “मानेले काऊन धरता?” तर उत्तर असं: “धरू नाई तं का रस्त्यावर पळू देऊ? तुमचा पोरगा ट्रक पाह्यला का धावते. तुमी दुकानात बसून राह्यता, तुमाले का मालूम!”

मी म्हणालो, जनावराला असं धरतात. त्या म्हणाल्या, “जनावर चावत नाई एवढं. हे पाहा,” आणि मनगट दाखवलं. दात उमटले होते, ते खरं आहे. पण जो मुलगा आधी कुणाला चावत नव्हता तो या बाईंनाच का चावतो? याचं उत्तर मला द्यायची गरज नाही.

या पत्राची एक प्रत संस्थेच्या अध्यक्षांना रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. सोबत वहीच्या सहा पानांच्या झेरॉक्स.

पुंडलिक शिरपूरकर


वर्धा
१ ऑक्टोबर

पुंडलिककाका,

अध्यक्षांनी चौकशी होईपर्यंत आनंदाबाईंना घरी थांबायला सांगितलं आहे. कालपासून त्या व्हॅनवर नाहीत, हे तुम्ही पाहिलंच असेल.

आता मी पाहिलेलं सांगते. काल चंदन व्हॅनमधून उतरला नाही. सीटखाली शिरून झोपला. ड्रायव्हरने आणि मी मिळून काढला तेव्हा दोन तास रडला. आज वर्गात दारापाशीच बसून होता. पाण्याचं चित्र त्याने हातात घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली टाकलं. द्यायचं कोणाला?

अकरा वर्षं आनंदाबाई या मुलांचं करतात. उचलताना मान सांभाळायची हे त्यांना मीच शिकवलं आहे, कारण चंदन मागच्या मागे डोकं झोकून देतो. तुम्ही ज्याला दाबणं म्हणता ते आमच्याकडे सांभाळणं आहे. तुमची वही बरोबर असेल काका, पण वहीने दिवस सांगितला, माणूस नाही सांगितला. माणूस तुम्ही घातला.

डॉक्टरांकडे गेलात का? याचं उत्तर तुमच्या पत्रात नव्हतं.

समीक्षा


आंजी
७ ऑक्टोबर

मॅडम,

आजपासून चंदनला वर्गात पाठवणार नाही. जिथं मूल सीटखाली झोपतं तिथं शिक्षण होत नाही. मुकेश हिंगणघाटहून आठवड्याला एकदा येतो, तो म्हणतो की बाबा म्हणतील तसं. काजलने गणवेश कपाटात ठेवून दिला.

पुंडलिक शिरपूरकर


आंजी
२४ ऑक्टोबर

मॅडम,

कळवण्यास समाधान वाटतं. लाली सतराव्या दिवशी पूर्ण गेली. औषध नाही, मलम नाही. फक्त वर्ग बंद. मोटार बंद केली, वास गेला. डॉक्टरांकडे कशाला जायचं होतं, ते आता आपणच सांगावं.

पुंडलिक शिरपूरकर


वर्धा
२८ ऑक्टोबर

काका,

लाली गेली, बरं वाटलं. मनापासून.

वर्गात बारा जागा आहेत आणि सात मुलं वाट पाहत आहेत. चंदनची जागा मी नोव्हेंबरअखेर धरून ठेवू शकते, पुढे माझ्या हातात नाही. तो घरी चित्र उचलून कोणाला देतो का, एवढंच कळवा. या वयात हातात आलेलं सुटलं तर परत यायला फार दिवस लागतात.

आनंदाबाई कापूस वेचायला जातात असं ड्रायव्हर सांगत होता. चौकशीला बसायला अध्यक्षांना अजून वेळ मिळालेला नाही.

समीक्षा


आंजी
१८ नोव्हेंबर, सोमवार

समीक्षाताई,

हे पत्र लिहायला मी शनिवारी बसलो होतो. आज लिहितो आहे.

दिवाळीनंतर लाली पुन्हा आली. मंगळवारी बारा तारखेला काजलने दाखवली. त्याच जागी, आणि या वेळी दोन ठिकाणी पाण्याचे फोड. मी तिच्यावर ओरडलो: काय खाऊ घातलं, काय लावलं? ती पोळ्या करत होती. लाटणं खाली ठेवून म्हणाली, “शाळा बंद, बाई बंद, अन् लाली चालू. आता कोणाले काढता, बाबा?”

सहा दिवस झाले, ते वाक्य कानातून जात नाही.

मग तिने सांगितलं. मी सातला दुकानात जातो, म्हणून मला माहीत नव्हतं. दिवाळीत कपाट आवरताना चंदनला गणवेश दिसला. तेव्हापासून तो रोज शर्ट आणून तिच्या हातात देतो. घालून दिला नाही तर डोकं आपटतो. घातला की ओट्यावर व्हॅनची वाट पाहत उभा राहतो. दहा वाजेपर्यंत. “तुमाले सांगतलं असतं तं तुमी शर्टही बंद केला असता,” म्हणाली.

शुक्रवारी त्याला सेवाग्रामला नेलं. शर्ट अंगातच होता, काढू देत नाही. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी वही पुढे केली, त्यांनी दोन पानं पाहिली, बाजूला ठेवली आणि उठून चंदनची कॉलर उलटी केली.

“हे काळं काय आहे?”

मी म्हणालो, खूण आहे. परीट घालतात ती.

“कशाने घातली?”

मी म्हणालो, बिब्याने.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

ताई, आता सगळं लिहितो, कारण अर्धं लिहिणं मला जमत नाही. माझे वडील आंजीत गावाचे कपडे धूत. बिब्याला सुई टोचायची, तिच्या टोकावर जो काळा रस येतो त्याने कपड्याच्या कोपऱ्यावर ठिपके-रेघा काढायच्या, वर चुना चोळायचा. प्रत्येक घराची खूण वेगळी. चाळीस वर्षांत एका घराचं धोतर दुसऱ्या घरी गेलं नाही, आणि त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. आपली सूचना आली तेव्हा पेनने लिहिलेलं नाव दोन धुण्यांत गेलं. कापडी पट्टी शिवली तर चंदनने ओरबाडून काढली. मला वाटलं, जिथं लिहिणारे हरले तिथं माझ्या बापाची खूण चालेल. अभिमान वाटला होता मला. खरं तेच सांगतो.

बिबा उततो, अंगाला लागला की फोड येतात, हे मला माहीत नव्हतं का? खूण घालण्याआधी मी माझ्या बोटांना खोबरेल चोपडलं होतं! स्वतःची बोटं वाचवली. चुना लावला, कपडा धुतला, म्हणजे रस मेला, असं धरून चाललो. सगळ्या गावाने ते कपडे घातले, कोणाला काही झालं नाही, हा माझा पुरावा. पण वडिलांची खूण धोतराच्या काठाला असे, पिंढरीजवळ. पाच वर्षांच्या पोराच्या घामेजल्या मानेवर नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींना ते धुतल्यावरही सोसत नाही, आणि एकदा कातडीने धरलं की दर वेळी धरतं. वडिलांच्या हातांना बारा महिने जखमा असत. घरात सगळे म्हणायचे, सोड्याने होतं. मीही तेच म्हणत आलो.

शर्ट वर्गाचे दिवस सोडून घातला जात नव्हता. एवढं साधं. वहीत साबण होता, वांगं होतं, अगरबत्तीचा धूर होता, आनंदाबाई होत्या. शर्ट नव्हता, कारण शर्टाचं काम मी केलं होतं.

मलम दिलं आहे. दोन्ही शर्ट वेगळे बांधून ठेवले आहेत. चंदन कपाटासमोर बसून रडतो.

काय करावं ते सांगा.

पुंडलिक


वर्धा
२१ नोव्हेंबर

काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदाही आला. राग फक्त तुमच्यावर नाही. ‘कॉलरच्या आत’ हे शब्द माझ्या सूचनेतले आहेत. दीड महिना ते मूल माझ्यासमोर भिंतीला मान घासत होतं आणि मी त्याला सवय म्हणत होते. एकदा कॉलर उलटली असती तर? शिकलेली माणसं आपण.

दोन कोरे शर्ट ड्रायव्हरबरोबर पाठवते, त्याच रंगाचे. आधी दोन पाण्यातून काढा. नाव कुठेच नको. बाराच मुलं आहेत, मी ओळखते सगळ्यांना.

अध्यक्षांना तुमच्या पत्राची प्रत दाखवली. त्यांनी लगेच आनंदाबाईंना निरोप धाडला, कामावर या. बाईंनी सांगितलं, येत नाही. त्यांच्याशिवाय चंदन वर्गात बसेल असं मला वाटत नाही, आणि जागा धरायला नऊ दिवस उरले आहेत.

काय करावं हे मला विचारू नका. त्यांचं घर तुमच्या दुकानापासून किती पावलांवर आहे, ते तुम्हीच मोजून सांगू शकाल.

समीक्षा


आंजी
२९ नोव्हेंबर

समीक्षाताई,

आनंदाबाईंकडे तीन वेळा गेलो.

पहिल्या वेळी त्या वेचणीला गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी घरात होत्या, पण सून बाहेर येऊन म्हणाली, “घरी नाईत.” आतून खोकल्याचा आवाज आला, तो त्यांचाच होता. मी परत आलो. तिसऱ्या वेळी दारात बसून राहिलो. अर्ध्या तासाने बाहेर आल्या. बसा म्हणाल्या नाहीत, मी आधीच बसलेलो होतो.

मी सगळं सांगितलं. बिबा, शर्ट, डॉक्टर. त्या ऐकत होत्या, म्हणजे तांदूळ निवडत होत्या. शेवटी म्हणाल्या, “झालं सांगून?”

“झालं.”

“कपडे धुणाऱ्याचा पोरगा तुमी, पुंडलिकभाऊ. अन् कपडाच नाई पाह्यला. माहा हात पाह्यला.”

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “चोर म्हटलं असतं तं चाललं असतं. चोरीचं माणूस विसरते. लेकराले मारते म्हटलं तुमी मले. वेचणीले गेली तं बाया विचारत, काऊन काढलं व तुले? काय सांगू?”

मी विचारलं, काय केलं तर याल? त्या म्हणाल्या, “ज्या तोंडानं बोलले त्याच तोंडानं बोला. जिथं बोलले तिथं.”

आज सकाळी व्हॅनच्या थांब्यावर तेच चार लोक होते, शिवाय समोरच्या पुंगाण्याच्या हॉटेलातले सात-आठ. अध्यक्षांना लिहिलेलं तक्रार मागे घेण्याचं पत्र मी उभं राहून मोठ्याने वाचलं. मधे एकाने विचारलं, “मास्तर, हे कोणत्या सभेचं भाषण हाय?” मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आनंदाबाई पलीकडे उभ्या होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “सोमवारपासून येतो. पण तुमच्या लेकराले मी हात नाई लावणार. बाकीच्याइले लावीन.”

एवढंच मिळालं. सोमवारी चंदनला पाठवतो.

पुंडलिक


वर्धा
५ डिसेंबर

काका,

चंदन आला. जागा राहिली. मान बरी आहे, रोज पाहते.

आनंदाबाई बोलल्या तसं वागतात. बाकीच्या अकरा जणांना उचलतात, भरवतात, नाक पुसतात. चंदन जवळ आला की दोन्ही हात मागे घेऊन उभ्या राहतात. तो त्यांच्यासमोर पाण्याचं चित्र धरून उभा राहतो. त्या मला हाक मारतात, “मॅडम, तुमी घ्या.” मी गेले की तो चित्र मागे घेतो. चार दिवस हेच चाललं आहे. तहानलेला राहतो पण मला देत नाही. काल त्याने त्यांचा पदर ओढून हात पुढे आणायचा प्रयत्न केला. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. रडत होत्या की नाही, मी विचारलं नाही.

दुपारी मी त्यांना म्हटलं, बाई, झालं गेलं. त्या म्हणाल्या, “तुमचं झालं गेलं. उद्या कुठं मच्छर चावलं तं पुन्हा माह्यंच नाव. मले कागद पाह्यजे त्याइच्या हातचा. मले वाचता येत नाई तं काय झालं, दाखवता येते.”

समीक्षा


आंजी (मोठी)
८ डिसेंबर २०२४, रविवार

श्रीमती आनंदाबाई यांस,

मी, पुंडलिक कवडू शिरपूरकर, वय ५४, धंदा मोटार वायंडिंग, लिहून देतो की:

माझा नातू चंदन याला आपण हात लावावा, उचलावं, भरवावं, धुवावं, अशी आपल्याला विनंती आहे. व्हॅनमध्ये चढवताना मानेला, दंडाला, कमरेला, जिथं धरावं लागेल तिथं धरावं. रस्त्याकडे धावला तर जोरात धरावं. चावला तर रागवावं. तो काही हातात देईल ते घ्यावं.

त्याच्या अंगावर पुढे लाली, वळ, ओरखडा, काहीही दिसलं तर मी आधी माझ्या घरात शोधीन, घरात आधी माझ्या हातचं काम तपासीन, मग दवाखान्यात जाईन. आपल्याकडे आलो तर फक्त विचारायला येईन, आणि एकटा येईन.

या कागदाला मुदत नाही. माझ्यानंतरही तो चालेल, म्हणून कागदाच्या मागे मुकेश आणि काजल यांच्याही सह्या घेतल्या आहेत. समीक्षा मॅडमनी आपल्याला हा मोठ्याने वाचून दाखवावा.

वर पहिल्याच ओळीत ‘परवानगी’ हा शब्द खोडून ‘विनंती’ केलं आहे. काजल म्हणाली, “बाबा, परवानगी द्याले तुमी कोण?” खाडाखोड माझ्या हातची आहे. तिच्यावर वेगळी सही केली आहे.

पुंडलिक कवडू शिरपूरकर